बिनफुलांचं अंगण

गल्लीत कुणी आजारी पडलं की शेजारपाजारचे जे करतात तेच आमचे मुन्शीबापूही करत. भेटायला जात. फरक एवढाच, की बाकीचे मोसंबी घेऊन जात आणि बापू रिकाम्या हातानं. बसा म्हटलं तरी बसत नसत. उंबऱ्याच्या आत उभे राहून ते आजारी माणसाच्या नखांकडे टक लावून बघत. चेहऱ्याकडे नाही, नखांकडे. मग हलक्या आवाजात सांगत, "तुमच्या नावानं बी टाकलंय. फुललं की आणून देतो. घाई नाय. मुदत हाये अजून."

एवढं बोलून ते निघून जात, आणि घरात कुणीतरी उठून देवापुढे दिवा लावी.

यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. बापू नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायला होते, हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणून. त्यातही जन्माचं टेबल दुसऱ्याकडे होतं. बापूंकडे फक्त मृत्यूचं. गल्लीत कोण कधी जन्मलं हे त्यांना सांगता येत नसे, पण कोण कशानं आणि कुठल्या वारी गेलं हे तोंडपाठ. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तर जिलेबी मोडता मोडता नवरदेवाकडे बघून म्हणत, "ह्याचा आजा. हगवण. बुधवार."

ते मूळचे सोयगावचे. निजामाच्या अमदानीत उर्दूत नोंदी करत, म्हणून मुन्शी. पोलीस अ‍ॅक्शन झाली, दफ्तर मराठीत आलं आणि चाळिशी गाठलेल्या बापूंना पहिलीतल्या पोरासारखं अक्षर गिरवायला लागलं. "सरकार बदललं म्हनून मरायची पद्धत थोडीच बदलती," असं ते म्हणायचे. कचेरीत मराठी लिहीत, घरी मात्र शेवटपर्यंत उर्दू.

मी कुंभारवाड्याजवळच्या त्या गल्लीत बिऱ्हाड केलं तेव्हा या सगळ्याला दहा-बारा वर्षं झाली होती. मी सरकारी शाळेत शास्त्र शिकवायचो. घरात आई, बायको आणि मी. आमचं गाव सिल्लोडकडचं, पण निजामी मुलखात शाळा उर्दू, म्हणून वडिलांनी मला जळगावला मामाकडे ठेवून शिकवलं. त्यामुळे मला उर्दूचा अलिफसुद्धा येत नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ते मला नडलं.

आमचं आणि बापूंचं अंगण शेजारी, मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. आमच्या माळवदावरून मात्र त्यांचं अंगण उघडं दिसे. पहिल्याच उन्हाळ्यात मी वर बिछाना टाकायला गेलो आणि खाली वाकून बघितलं. मे महिना होता. गल्लीत तुळशीसुद्धा काटक्या होऊन उभ्या होत्या, आणि बापूंच्या अंगणात तीस-चाळीस कुंड्या हिरव्यागार. झिनिया होती, गलांडा होता, कोंबडा होता, गुलमखमल होती. झाडं कशी तरारलेली. पण एवढ्या फुलझाडांत फूल एकही नव्हतं. पाकळी नाही, रंग नाही, नुसती पानं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. का आला ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुसरं म्हणजे तो आवाज. पहाटे फटफटायच्या सुमारास भिंतीपलीकडून यायचा. टक्. मग जरा वेळ काही नाही. पुन्हा टक्. बोटं मोडल्यासारखा, पण बोटं एवढी कुणाला असतात? बायको म्हणायची, उंदीर असेल. गल्लीतले म्हणायचे, बापू माणसं मोजतात.

बापूंना फुलांतलं फार कळायचं, हे कबूल करायला हवं. होळी झाली की ते कामाला लागत. माती चाळून तिच्यात वाळू आणि मूठभर राख. बियावर बियाच्या जाडीएवढीच माती. पाणी वरून कधी घालायचे नाहीत. कुंडी घमेल्यातल्या पाण्यात ठेवायची आणि वरची माती काळी झाली की उचलायची. गुलमखमलीचं बी लोकरीत गुंडाळल्यासारखं असतं, ते वाळूत चोळून भिजत घालायचं. वरून ओलं तरट. कोंब दिसले की त्याच दिवशी तरट काढून कुंडी थेट उन्हात. मी म्हटलं, "बापू, कोवळी रोपं करपतील."

"पाळण्यात ऊन दावलं की वैशाखात मान टाकत नाय," ते म्हणाले. "गुलाब म्हंजे जहागीरदार. सावली करा, खत घाला, तरी उन्हाळ्यात तोंड पाडून बसतो. हे सालवाले बघा. येकच साल जगायचं हाये त्यांना, ते कशाला उन्हाला भितेत?"

बी पोस्टाच्या जुन्या पाकिटांत. पाकिटावर फुलाचं नाव नसे, माणसाचं असे. पेरताना ते पाकीट कानाशी हलवत आणि हलकेच म्हणत, "चला वकीलसाहेब. उठा." वकीलसाहेब जाऊन वर्ष झालेलं असे.

कारण त्या अंगणात फूल फुलायचं, पण एकाच प्रसंगी. प्रत्येक कुंडीला पत्र्याची चकती अडकवलेली, तिच्यावर उर्दूत नाव. चकतीवरचं माणूस गेलं की तेराव्याला, आणि मुसलमानाघरचं असेल तर चाळिसाव्याला, बापू त्याच्या कुंडीतली फुलं ताटात घेऊन दारात हजर. "मुदत संपली," एवढंच म्हणायचे आणि ताट ठेवून परत. उरलेली फुलं झाडावर वाळू देऊन त्यांचं बी पाकिटात. पुढच्या होळीला वकीलसाहेबांचं बी दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं मातीत. गल्लीनं सरळ हिशेब लावला होता. बापूंकडे तुमचं फूल फुललं की तुम्ही आटोपलात.

समोरच्या निवृत्त हेडमास्तरांना एकदा राहवलं नाही. बापू कचेरीत गेलेले बघून ते सायकल दुकानवाल्या हमीदभाईंना घेऊन अंगणात शिरले. हमीदभाईंना उर्दू वाचता यायचं. सगळ्या चकत्या वाचून झाल्या, हेडमास्तरांचं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. हमीदभाई मात्र दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसलेले.

"काय झालं हमीदभाई?"

"मेरा नाम है उधर," ते म्हणाले. "कोंबडे की कुंडी पे. मास्तर, मेरेकू खाली खांसी हुई थी. खांसी!"

मी हसलो. दुसऱ्याचं असलं की हसू येतंच.

मग एका वर्षी चैत्रात आईचा दमा बळावला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, एवढा उन्हाळा काढला तर काढला. आम्ही खाट खिडकीशी हलवली. आई तक्क्याला टेकून बसायची, आडवं होता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी दारात सावली पडली. बापू. नेहमीसारखे उंबऱ्याच्या आत उभे राहिले आणि आईच्या नखांकडे बघू लागले.

मी ताडकन उठलो. त्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं, असं मी ठरवलं होतं. पण त्याआधीच ते बोलून गेले, "आक्का, तुमच्या नावानं बी टाकलंय. फुललं की—"

"कोन्त्या रंगाचं?" आई म्हणाली.

बापूंनी नखांवरून नजर उचलली. त्यांना असं आजवर कुणी विचारलं नसावं. "अं?"

"बी म्हन्ते मी. कोन्त्या रंगाचं?"

"लाल. झिनिया."

"लाल सवाष्णीला. मला पिवळं टाक. अन् बी कुणाचं हाये?"

"वकीलसाहेबांचं."

"मंग तर नकोच. जलमभर खोटं बोलला त्यो."

बापू हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग हसू एकदम विझलं आणि ते म्हणाले, "पिवळं माझ्याकडं नसतं, आक्का." पण दुसऱ्या दिवशी हिमायतबागेतल्या ओळखीच्या माळ्याकडून पिवळ्या झिनियाचं बी घेऊन आले. घरात सगळे रंग असणाऱ्या माणसाकडे साधा पिवळा का नसावा, हे माझ्या डोक्यात तेवढ्यापुरतं आलं आणि गेलं.

तेव्हापासून आईचा एक नेम झाला. सकाळचा चहा झाला की ती खिडकीतून हाक मारी, "बापू, फुललं का?"

भिंतीपलीकडून उत्तर येई, "नाय आक्का. मुदत हाये अजून."

मी शास्त्राचा मास्तर. मुलांना ग्रहणं शिकवताना राहू-केतूंची टर उडवायचो. आणि मीच रोज सकाळी माळवदावरून वाकून एका कुंडीत पिवळा ठिपका दिसतो का बघायला लागलो. आईला रात्री धाप लागली की सकाळी तिची हाक आणि बापूंचं उत्तर यांच्या मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागायचा. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. "नाय आक्का" ऐकू आलं की मी श्वास सोडायचो.

मे गेला, जून अर्धा गेला. झिनियाला दोन महिन्यांत फूल येतं, हे पुस्तकात आहे. इथे अडीच होऊन गेले होते. झाड कमरेला लागत होतं, फांद्याच फांद्या फुटल्या होत्या, पण कळी नाही. एका पहाटे माळवदावर जाग आली ती त्याच आवाजानं. टक्. मी रांगत कडेला गेलो आणि खाली बघितलं.

बापू उकिडवे बसले होते. एक कुंडी झाली की दुसऱ्या कुंडीकडे सरकायचे. प्रत्येक झाड ते अंगठ्याच्या नखानं चाचपत आणि पानांत लपलेली कळी शोधून खुडत. टक्. मग ती धोतराच्या सोग्यात टाकत. आईच्या कुंडीपाशी ते सगळ्यांत जास्त वेळ बसले.

मी खाली उतरून त्यांच्या दारातून आत गेलो. मला बघून त्यांनी मूठ मिटली. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बापू, कळ्या तुम्हीच खुडता?"

ते पुढच्या कुंडीकडे सरकले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी शास्त्र शिकवता. सालवालं झाड कशासाठी जगतं?"

"बी धरण्यासाठी."

"अन् बी धरलं की?"

"वाळतं."

"अन् धरूच दिलं नाय तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"मही मंडळी तापानं पडली होती," बापू म्हणाले. "वैशाख होता. मी नवा नवा हौशीनं पिवळा झिनिया लावला होता. खाटेवरून रोज इचारायची, फुललं का? हकीम म्हनला होता दोन दिवस. तिनं बावीस काढले. तेविसाव्या दिवशी सकाळी फुललं. मी पळत पळत नेलं, उशाशी ठिवलं. लई खूश झाली. म्हनली, किती छान हाये वो. अन् दुपारी गेली." त्यांनी मूठ उघडली, कळ्या बघितल्या, पुन्हा मिटली. "नोंद मलाच करावी लागली. कारणाच्या खान्यात ताप लिहिलं. पुऱ्या नौकरीत तेवढी येकच नोंद खोटी हाये, मास्तर. वाट बघणारं माणूस जात नाय. मी फूल नेलं म्हनून ती गेली."

मला खूप काही सांगता आलं असतं. बावीस दिवस ती त्या फुलामुळे जगली, असंही म्हणता आलं असतं. पण मला आठवत होतं की या माणसाला मी दंडाला धरून बाहेर काढणार होतो.

"म्हनून बी टाकतो अन् सांगून ठिवतो," ते म्हणाले. "माणसाला वाट बघायला कायतरी पायजे. कळी खुडली की मुदत वाढली. कचेरीत अर्ज करून वाढवून घेतेत तशी. माणूस गेल्यावर मंग खुडायचं थांबतो. तेव्हा फुलतं ते."

म्हणजे गल्लीनं सगळं उलटं वाचलं होतं. फूल फुललं म्हणून माणूस जात नव्हतं. माणूस गेलं म्हणून फूल फुलत होतं. आणि पहाटे बापू माणसं मोजत नव्हते, एकेकाला मागे ओढत होते.

घरी आलो तर आई जागी होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "सापडला व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"हरभरा खुडून खुडून हयात गेली मही. खुडलेलं झाड वळखू येत नाय व्हय मला? इतक्या फांद्या कशानं फुटतेत?"

"मग रोज विचारतेस कशाला, फुललं का म्हणून?"

"मंग काय इचारू? त्याच्याशी सकाळचं बोलायला दुसरं हाये कोन? समदी गल्ली त्याला बघून दारं लावती."

आईनं तो उन्हाळा काढला. पावसाळा सरला तशी ती माळवदाच्या पायऱ्याही चढायला लागली, वाळवणं वर आहेत, काय वर आहेत, अशी काही ना काही कारणं काढून. पुढच्या होळीला पुन्हा तिच्या नावाचं बी पडलं, पुन्हा पिवळं. तोही उन्हाळा गेला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी हो म्हटलं.

तिसऱ्या वर्षी मात्र मे संपता संपता आई गेली. सकाळचा चहा झाला, तिनं हाक मारली, उत्तर ऐकलं, आणि दुपारी झोपेतच गेली.

तेराव्याला बापू आले. ताटात पिवळी झिनियाची फुलं, तळहाताएवढी. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगणात फुललेला तो पहिला पिवळा रंग. त्यांनी ताट आईच्या तसबिरीपुढे ठेवलं. आता ते म्हणणार, मुदत संपली, म्हणून मी मन घट्ट केलं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आता सकाळी कुणी हाक मारत नाय, मास्तर." मग उंबऱ्यावरच बसले. या घरात ते पहिल्यांदाच बसले.

पंगती उठल्यावर मी माळवदावर गेलो. खाली माणसं होती आणि मला जरा एकटं व्हायचं होतं. कठड्याच्या कोपऱ्यात, जुन्या बाजेच्या आड, एक कुंडी होती. गुलमखमल. सासूबाईंची कुंडी म्हणून बायको रोज पाणी घालत होती, तिला त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. झाडाला फांद्याच फांद्या. पण तेरा दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि शेंड्याशेंड्यावर मण्यांसारखे बारीक गोंडे धरले होते. एका गोंड्यावर तर जांभळा रंग चढायला लागला होता. बुंध्याशी पत्र्याची चकती, तिच्यावर उर्दूत काहीतरी.

मी चकती काढून खाली नेली. हमीदभाई जेवून पायरीवर पान लावत बसले होते. त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी वाचली आणि पानाचा हात थांबला. "ये तो मैं ने लिखी," ते म्हणाले. "दो साल हुए. माँजी ने लिखवायी. बोले, वो सबकी मुद्दत बढाता, उसकी कौन बढाएगा?"

"कुणाचं नाव आहे हमीदभाई?"

"बापू का."

मी किती पायऱ्या एकदम चढलो ते आठवत नाही. चाळिशीला आलेला शास्त्राचा मास्तर सुतकातून उठल्या दिवशी तापलेल्या माळवदावर गुडघे टेकून बसला. जांभळा चढलेला गोंडा आधी धरला. टक्. मग दुसरा, मग तिसरा. एकही राहू नये म्हणून पान न् पान उलटून बघितलं.

"मास्तर," भिंतीपलीकडून बापूंचा आवाज आला. ते घरी पोचले होते. "भर उन्हात माळवदावर काय करता?"

मी मूठ मिटली. "काही नाही, बापू."

पलीकडे रिकामं घमेलं उचलून ठेवल्याचा आवाज आला. मी कठड्यावरून वाकलो. ते आईच्या कुंडीसमोर नुसते उभे होते, हात लोंबकळत सोडून. मग मी हाक मारली, आणि ती आईच्याच आवाजात मारली असं मला वाटलं.

"बापू! हमीदभाईंचं फुललं का?"

त्यांनी वर बघितलं. खाली पायरीवरून हमीदभाई ओरडले, "अरे मेरा नाम काय को लेते मास्तर!"

बापूंनी उपरण्यानं डोळे पुसले.

"नाय मास्तर," ते म्हणाले. "मुदत हाये अजून."